इंजिन पुरवणाऱ्याने गेमचे दुकान काढावे का? बेळगावमधील एका कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीतील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एकाच मोठ्या खोलीत चालणाऱ्या एका छोट्या कंपनीचे हे प्रकरण आहे. कंपनीचे आणि तिच्या ग्राहकांचे नाव येथे दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात कंपनीचे हिशेब, करविवरणे आणि करारनामे पाहत होता. साहजिकच येथे तंत्रापेक्षा व्यवहाराची बाजू अधिक आली आहे.

कंपनीचा माल म्हणजे गेम इंजिन. पडद्यावर चित्र हलवणे, आवाज वाजवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, दोन वस्तूंची टक्कर झाली की नाही हे ठरवणे, ही प्रत्येक गेमला लागणारी कामे ज्या तयार सॉफ्टवेअरवर सोपवता येतात, ते इंजिन. दोन भागीदारांपैकी एकाने ते लिहिले आणि दुसऱ्याने त्याचा धंदा पाहिला. दोघेही इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेले आहेत. युनिटी आणि अनरियल ही जगभर चालणारी इंजिने असताना आणखी एकाची गरज काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे दोन उत्तरे होती. एक म्हणजे हे इंजिन दोन जीबी मेमरीच्या फोनवरही अडखळत नसे. दुसरे उत्तर लिपीचे होते. अक्षरे ज्या क्रमाने टंकलिखित होतात त्याच क्रमाने ती पडद्यावर मांडणाऱ्या इंजिनात देवनागरीची ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन पडते, रफार सुटा होऊन बसतो, आणि कन्नडमध्ये खाली जोडून यायची अक्षरे शेजारी येऊन उभी राहतात. एकाच आवारात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा भरतात अशा खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात शाळांसाठी गेम करणाऱ्याला हा दोष परवडत नाही. बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळीकडचे काही छोटे स्टुडिओ याच कारणाने कंपनीचे ग्राहक झाले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली. ठरावीक उत्पन्न आणि दोन लाख इन्स्टॉल ओलांडल्यावर, सर्वांत खालच्या योजनेत, इन्स्टॉलमागे २० अमेरिकन सेंटपर्यंत अशी ती आकारणी होती. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ती लागू होणार असल्याने जगभर ओरड झाली. काही दिवसांतच अटी सौम्य झाल्या, पुढच्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द झाले. मधल्या वर्षभरात मात्र पर्याय शोधणाऱ्यांची रीघ लागली. बहुतेक जण गोडो या मुक्त इंजिनाकडे वळले. थोडे या कंपनीकडेही आले.

अडचण

ग्राहक वाढले, पण पैसा वाढला नाही. कंपनीची अट अनरियलच्या धर्तीवर होती: ठरावीक उत्पन्नापर्यंत इंजिन फुकट, त्यापुढे शेकडा ५ रॉयल्टी. अनरियलची सूट-मर्यादा २०२० पासून दहा लाख डॉलर आहे. या कंपनीने ती अर्थातच आपल्या ऐपतीप्रमाणे फार खाली ठेवली होती. तरीही वसुली जवळजवळ होतच नव्हती. फुकट गेम आणि जाहिरातींचे तुटपुंजे उत्पन्न, ही इथल्या बहुतेक स्टुडिओंची स्थिती. ज्यांना बरे उत्पन्न होते त्यांनी ते स्वतःहून कळवायचे, आणि कंपनीने त्यावर विश्वास ठेवायचा. करारात हिशेब तपासण्याचा अधिकार होता, पण चार-दोन ओळखीच्या ग्राहकांच्या वह्या मागायला कोण जाणार?

अशा वेळी धंदा पाहणाऱ्या भागीदारांनी स्वतःच्या गेम स्टोअरची कल्पना मांडली. त्यांचा युक्तिवाद असा होता: गूगल प्ले पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के कापते, आपण १० टक्के कापू आणि आपल्या स्टोअरवरील विक्रीवर इंजिनाची रॉयल्टी माफ करू. १०० रुपयांच्या करपूर्व विक्रीत ग्राहकाचे आज २० रुपये जातात, आमच्याकडे १० जातील. कागदावर हे खरे होते. तथापि या योजनेचा उगम ग्राहकांच्या हितात नव्हता, तो वसुलीच्या अडचणीत होता, असे लेखकाचे तेव्हाही मत होते. विक्रीचा पैसा आपल्याच हातातून गेला की आपला वाटा मागावा लागत नाही. हा हेतू चुकीचा नव्हे, परंतु तो उघडपणे मांडला गेला नाही आणि त्यामुळे पर्यायांची चर्चा कमिशनच्या टक्क्यांभोवतीच फिरत राहिली.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांच्या डोळ्यांपुढे एपिक गेम्सचे उदाहरण होते. अनरियल बनवणाऱ्या या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आपले स्टोअर उघडले, स्वतःकडे १२ टक्केच ठेवले, आणि तिथे विकल्या जाणाऱ्या अनरियलवरील गेमची रॉयल्टी त्या विक्रीपुरती माफ केली. आमच्या भागीदारांची योजना ही त्याचीच छोटी आवृत्ती होती. पण त्या उदाहरणाचा उत्तरार्ध बैठकीत उशिरा आला. एपिकने अ‍ॅपलविरुद्ध ऑगस्ट २०२० मध्ये लावलेल्या दाव्यात जी कागदपत्रे उघड झाली, त्यांनुसार २०१९ या एका वर्षात त्या स्टोअरचा तोटा सुमारे १८ कोटी डॉलरचा होता. तो भागला फोर्टनाइट या त्यांच्याच गेमच्या कमाईतून. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचा इतिहासही वेगळा नाही. ते चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीकडे सोर्स हे स्वतःचे इंजिन होते खरे, पण २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टीमवर लोक आले ते काउंटर-स्ट्राइकसाठी आणि पुढच्या वर्षीच्या हाफ-लाइफ २ साठी. ती गेम खेळायची तर स्टीम घेणे भागच होते. इंजिनाच्या ताकदीवर गिऱ्हाईक दुकानात येत नाही, गेमच्या ओढीने येते, आणि या दोन्ही कंपन्यांकडे तशी गेम आधीपासून होती. वापरकर्त्यांनीच बनवलेल्या गेमचा रोब्लॉक्स हा मंच अपवाद म्हणावा लागेल, पण तिथे इंजिन आणि बाजार पहिल्यापासून एकच वस्तू आहे; तिथे गेम बनवणारा बाहेर विकण्याची अपेक्षाच ठेवत नाही.

टिळकवाडीतल्या कंपनीकडे अशी गेम होती का? मराठी आणि कन्नड शब्दांची एक शालेय गेम तिने स्वतः केली होती. ती बऱ्यापैकी चालत होती, पण तिच्यासाठी कोणी अनोळखी स्टोअर डाउनलोड करील अशी तिची ओढ नव्हती.

दुसरा पर्याय युनिटीचा जुना मार्ग होता. २०१० मध्ये सुरू झालेल्या तिच्या अ‍ॅसेट स्टोअरमध्ये गेम विकल्या जात नाहीत. गेम बनवणाऱ्यांना लागणारी चित्रे, आवाज आणि कोडचे तुकडे विकले जातात. तिथले गिऱ्हाईक इंजिन वापरणाराच असतो, म्हणजे नवा गिऱ्हाईक शोधावा लागत नाही. इंजिन लिहिणाऱ्या भागीदारांचा कल इकडे होता, पण देवनागरी-कन्नड अक्षरवळणे आणि ध्वनिफिती विकून किती मिळणार, या प्रश्नावर ते गप्प राहिले.

तिसरा पर्याय वेब आर्केडचा, म्हणजे ब्राउझरमध्येच गेम खेळता येतील अशा संकेतस्थळाचा. कन्स्ट्रक्ट हे ब्राउझरमधले इंजिन चालवणारी ब्रिटिश कंपनी आपल्या वापरकर्त्यांच्या गेम एका आर्केडवर खेळायला ठेवते. पैसा नाही, परतावा नाही, फक्त प्रदर्शन. हा पर्याय फार लवकर बाजूला पडला, कारण त्यात वसुली नव्हती.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा: इंजिनातूनच गूगल प्ले, फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने सुरू केलेले इंडस अ‍ॅपस्टोअर, आणि वेब या तिन्हींसाठी एका कळीत तयार फाइल निघेल अशी सोय करायची आणि दुकानदारी इतरांवर सोडायची.

याच सुमारास उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागात फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवणारे एका भागीदाराचे काका कार्यालयात आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "तू कास्टिंग देणारा. उद्या तूच पंपाचं दुकान काढलास तर पंपवाले दुसऱ्या फाउंड्रीकडं जातील की रे." त्यावर कोणी वाद घातला नाही, आणि कोणी ते टिपणातही घेतले नाही.

पहिला निर्णय आणि त्यामागचा हिशेब

२०२४ च्या उन्हाळ्यात स्टोअर काढायचे ठरले. लेखकाकडे आलेले काम कराच्या बाजूचे होते, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण स्टोअर काढू पाहणारे हा भाग हमखास कमी लेखतात.

इंजिन पुरवणारी कंपनी आपली सेवा विकते. स्टोअर काढताच ती दुसऱ्यांचा माल आपल्या मंचावर विकणारी ई-कॉमर्स चालक ठरते. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या विक्रीवर तिला जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली टीसीएस, म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून कापून सरकारजमा करायचा कर, गोळा करावा लागतो. तो दर १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. पण दर घटला म्हणून काम घटले नाही. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत त्याचे जीएसटीआर-८ हे विवरण भरायचेच. त्याशिवाय आयकराची तेव्हाच्या १९४-ओ कलमाखालची कपात, जी ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती मिटवायची. खेळणारे बहुतांशी शाळकरी असल्याने २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही विचार करावा लागला, कारण त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला जातो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते.

आता हे सगळे कशासाठी, ते ४९ रुपयांच्या एका गेमवर पाहू. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला तर करपूर्व किंमत ४१ रुपये ५३ पैसे राहते. १० टक्के कमिशन म्हणजे ४ रुपये १५ पैसे. ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेने २ टक्के आणि त्यावरचा कर घेतला तर १ रुपया १६ पैसे गेले. हातात राहिले ३ रुपयांच्या आसपास. एका पालकाचा "मुलाने चुकून विकत घेतली, पैसे परत द्या" असा एक फोन आला आणि तो अर्धा तास चालला, की कित्येक विक्रींची कमाई त्या फोनवरच संपते. हा तक्ता लेखकाने भागीदारांपुढे ठेवला. त्यांचे उत्तर असे की सुरुवातीला तोटा गृहीतच आहे, ग्राहक वाढले की भरून निघेल. ग्राहक कुठून वाढतील, हे मात्र त्या उत्तरात नव्हते.

आणखी एक व्यावहारिक अडथळा होता. दुसरे अ‍ॅप स्टोअर गूगल प्लेवर ठेवता येत नव्हते. तसा करारच होता. म्हणजे आमचे स्टोअर वेबसाइटवरून उतरवून घ्यावे लागणार, आणि ते उतरवताना फोन अनोळखी अ‍ॅपचा इशारा देणार. शहापुरातल्या एका पालकाने तो इशारा पाहून थेट कार्यालयात येऊन विचारले होते की यात बँकेचे पैसे तर जाणार नाहीत ना. त्यांची भीती रास्तच होती.

दिवाळीतील प्रसंग

स्टोअर सप्टेंबरात सुरू झाले. त्याचा कस लागला दिवाळीत. कोल्हापूरच्या एका स्टुडिओने किल्ला बांधण्याची गेम केली होती: माती, दगड, बुरूज, मावळे, सगळे मुलांनी आपल्या अंगणात रचावे तसे फोनवर रचायचे. बेळगावात आणि कोल्हापुरात दिवाळीचे किल्ले गल्लोगल्ली होतात, तेव्हा या गेमचा हंगाम म्हणजे ते चार-पाच दिवस. गर्दीच्या तोंडावर स्टुडिओने एक अपडेट पाठवले, कारण जुन्या आवृत्तीत काही फोनवर बुरूज चढवताना गेम बंद पडत होती. स्टोअरवरची तपासणी एकच मुलगा करत असे आणि तो दिवाळीला खानापूर तालुक्यातील गावी गेला होता. अपडेट दोन दिवस अडकले. ते आले त्याच संध्याकाळी कंपनीच्या स्वतःच्या शब्दांच्या गेमचे दिवाळी अपडेट मात्र चढले, कारण ते इंजिन लिहिणाऱ्या भागीदारांनी स्वतःच चढवले आणि स्वतःच मंजूर केले. त्यात कोणताही कावा नव्हता. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला कावा आणि हलगर्जी यांतला फरक दिसत नाही.

त्यात भर पडली पैशांची. २०२४ मध्ये कर्नाटकात ३१ ऑक्टोबरची नरकचतुर्दशी, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, २ तारखेची बलिप्रतिपदा आणि ३ तारखेचा रविवार असे चार दिवस बँका सलग बंद राहिल्या. खेळणाऱ्यांचे यूपीआय चालू होते, पैसे येत होते. गेटवेकडून कंपनीच्या खात्यात आणि तिथून स्टुडिओकडे ते बँकेच्या कामकाजाच्या दिवशीच सरकणार होते. दिवाळीनंतर कोल्हापूरकरांचा जो पत्रव्यवहार आला त्यात रकमेचा उल्लेख शेवटी होता. पहिला प्रश्न असा होता: आमची रोजची विक्री तुमच्या कार्यालयात कोणाकोणाला दिसते, आणि तुम्ही पुढची गेम ठरवताना ती पाहता का?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होते. विक्रीचा आलेख खोलीतल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर चालू असे. स्टोअर पाहणारा, इंजिन लिहिणारा आणि कंपनीची स्वतःची गेम करणारा, हे तिघे एकाच टेबलाभोवती बसत. मोठी कंपनी दोन विभागांत भिंत घालू शकते, निदान घातली असे म्हणू तरी शकते. इथे भिंत घालायला दुसरी खोलीच नव्हती.

दुसरा निर्णय

नोव्हेंबरच्या अखेरीस तीन गोष्टींवर चर्चा झाली. स्टोअरसाठी वेगळी कंपनी काढावी, ही सूचना लेखकाने तपासली आणि तिचा उपयोग नाही असे कळवले. मालक तेच, माणसे तीच, खोली तीच, तर नोंदणी वेगळी असून काय होणार? स्वतःची गेम स्टोअरवरून काढून घ्यावी, ही सूचना अधिक सरळ होती. पण तसे केले तर स्टोअरकडे येण्याचे जे थोडेफार कारण होते तेही जाणार होते. राहिला मुद्दा रॉयल्टी माफीचा. आमच्याकडे विकाल तरच माफी, ही अट ग्राहकांना सवलत म्हणून सांगितली गेली होती. ग्राहकांनी ती प्लेवर विकल्याचा दंड म्हणून वाचली. एपिकने अलीकडे, २०२५ पासून, आपल्या स्टोअरवर इतरांबरोबर एकाच वेळी गेम आणणाऱ्यांची रॉयल्टी ५ वरून ३.५ टक्क्यांवर आणली आहे. तिथेही विक्री इतरत्र करण्याची मुभा कायम आहे. आमच्या छोट्या ग्राहकांना मात्र एकच विक्रीचा मार्ग नीट सांभाळता येतो, आणि तो त्यांच्यासाठी प्लेच होता.

२०२५ च्या सुरुवातीस स्टोअरवरची विक्री थांबवण्यात आली. त्या जागी एक दालन राहिले: इंजिनावर केलेल्या गेमची यादी, प्रत्येकीची चित्रे, आणि ती जिथे विकली जाते तिथले दुवे. रॉयल्टी काढून टाकून स्टुडिओमागे वार्षिक ठोक शुल्क लावले गेले, आणि करारात एक कलम नवे आले: इंजिनाची जी आवृत्ती ज्या अटींवर घेतली, त्या आवृत्तीपुरत्या त्या अटी बदलणार नाहीत. युनिटीच्या प्रकरणाने पोळलेल्या ग्राहकांना कोणत्याही सवलतीपेक्षा हे कलम जास्त मोलाचे वाटले. वसुलीची मूळ अडचणही त्यानेच सुटली, कारण ठोक शुल्काला कोणाच्या वह्या पाहाव्या लागत नाहीत.

परिणाम

कोल्हापूरचा स्टुडिओ परत आला नाही. त्यांनी पुढची गेम गोडोवर सुरू केली. त्या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसते, त्यामुळे त्यांना अडवणारे काही उरले नव्हते. शाळांसाठी काम करणारे दोन ग्राहक राहिले आणि त्यांच्यामार्फत आणखी काही आले. ठोक शुल्काचे उत्पन्न मोठे नाही, पण ते कोणत्या महिन्यात येणार हे आता आधी सांगता येते. अक्षरवळणे आणि ध्वनिफितींची छोटी विक्रीही सुरू झाली, जी इंजिन लिहिणाऱ्या भागीदारांना पहिल्यापासून हवी होती.

स्टोअरचा फायदा काहीच झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वस्त फोनवर डाउनलोड कुठे तुटते, गेम कोणत्या क्षणी बंद पडते, याच्या नोंदी इंजिन बनवणाऱ्याला एरवी मिळत नाहीत. त्या ग्राहकाकडे किंवा प्लेकडे राहतात. त्या काही महिन्यांत इंजिनातील मेमरीचे दोन जुने दोष सापडले आणि दुरुस्त झाले. अशा नोंदी ग्राहकाच्या संमतीने, स्टोअर न काढताही मागवता आल्या असत्या. आता त्या तशाच मागवल्या जातात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, तीन मोठ्या ग्राहकांना विचारता आले असते. कल्पना मांडल्यापासून स्टोअर उघडेपर्यंत एकाही ग्राहकाशी बोलणे झाले नाही, कारण दर कमी आहे म्हणजे ते खूश होणारच असे धरले गेले. दुसरे, वेब आर्केडपासून सुरुवात झाली असती तर लोक येतात की नाही हे पैशांची जबाबदारी न घेता कळले असते. धंदा पाहणाऱ्या भागीदारांचे मत आजही असे आहे की कल्पना बरोबर होती, वेळ चुकली. माणसे आणि भांडवल वाढल्यावर ती पुन्हा करावी. लेखकाला हे पटत नाही. माणसे वाढली तर अपडेट वेळेवर मंजूर होतील, पण ज्याच्याकडून इंजिन घ्यायचे त्यालाच आपली विक्री दिसणार आणि त्याचीच गेम आपल्या शेजारी मांडलेली असणार, ही ग्राहकाची अडचण माणसे वाढवून जात नाही. स्वतःची खेचणारी गेम हाती असलेल्या कंपनीची गोष्ट निराळी, कारण तिथे ग्राहकाला गर्दीचा मोबदला तरी मिळतो.

एक काम अजून शिल्लक आहे. स्टोअर चालू असताना ज्यांनी गेम विकत घेतल्या, त्यांना त्या पुन्हा उतरवून घेता याव्यात म्हणून सर्व्हर चालू ठेवावा लागतो. विक्रीच्या अटींत ही सोय किती काळ राहील याची तारीख घातलेली नव्हती. महिन्याचा खर्च किरकोळ आहे, परंतु तो कधी थांबवता येईल यावर दोन्ही भागीदारांचे एकमत झालेले नाही. सध्या दर मार्चअखेरीस ताळेबंदात त्याची तरतूद करून ठेवली जाते.